बाजूस बसविलेल्यांची चित्रे

या पुस्तकाची हस्तलिखित पाने माझ्या हाती आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दापोलीतील एका वयोवृद्ध आणि माझ्याविषयी ममत्व बाळगणाऱ्या गृहस्थांनी मला बाजारपेठेत थांबवून विचारले की, एड्स, समलिंगी संबंध, बायकांचा विटाळ असले विषय घेऊन काढलेल्या चित्रपटांचे खेळ, आणि वर त्यांच्यावरचे पुस्तक, हे आपल्या गावात कशासाठी? मुंबई-पुण्यास जे चालते ते तिकडेच चालू द्यावे. प्रश्न सद्भावनेने विचारलेला होता आणि भर रस्त्यात त्याचे उत्तर देणे शक्य नव्हते. तेव्हा ‘लिहून देतो’ असे सांगून मी त्यांची रजा घेतली. ही प्रस्तावना म्हणजे त्यांना दिलेले उत्तरच आहे, आणि ते देताना आरंभासाठी दापोली तालुक्याची शीव ओलांडण्याची मला गरज वाटत नाही.

दापोलीपासून चार कोसांवर, समुद्राकाठच्या मुरुड गावी, १४ जानेवारी १८८२ रोजी रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म झाला. ते अकरा वर्षांचे असताना त्यांचे वडील धोंडो केशव यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, आणि ज्यांनी गावाच्या हितासाठी ‘मुरुड फंड’ उभारला त्याच गृहस्थांवर त्याच गावाने बहिष्कार घातला. आईच्या घरी जाण्याची, भावाच्या पंक्तीस बसण्याची मुभा राहिली नाही. ज्या मुलाने हे कोवळ्या वयात पाहिले, त्याच्या मनावर त्याचा कोणता ठसा उमटला असेल याची कल्पना करण्याचा अधिकार मला नाही. परंतु मॅट्रिकच्या परीक्षेत १८९९ साली इलाख्यात पहिला आलेला, पुढे विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झालेला हा मनुष्य ज्या मार्गाने गेला तो मार्ग सुखासीनाचा नव्हता एवढे दप्तरी नमूद आहे. १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले; १९२५ साली त्या कार्यापायी नोकरी सोडली; आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली देह ठेवीपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदराला खार लावून चालविले. संसाराचा भार मालतीबाईंनी उचलला नसता तर ते मासिक वर्षभरही तगले नसते, हे सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये.

त्यांच्या पुस्तकांपैकी एकाचे नाव ‘गुप्तरोगांपासून बचाव’ असे आहे. त्या नावातील ‘बचाव’ या शब्दापाशी मी पुष्कळदा थांबलो आहे. ज्या काळी असा रोग म्हणजे पापाचे फळ समजले जाई आणि फळ भोगणाऱ्यास वाचवावे असे कोणाच्या मनातही येत नसे, त्या काळी एका गणितज्ञाने त्या प्रश्नातून पाप वजा केले आणि उरलेल्या भागाला बचाव हा साधा, व्यवहारी, पावसात इरले धरावे तसा शब्द दिला. ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेबद्दल खटले झाले. १९३१ साली शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालच्या खटल्यात तर, वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी जे प्रश्न विचारले त्यांस छापील उत्तरे दिली, एवढाच काय तो गुन्हा होता. आणि त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळेच अश्लील ठरत नाही, आणि कोठे विकृती असलीच तर तिचा निरास ज्ञानावाचून होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कर्वे खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. परंतु ज्याला आज आपण लैंगिकतेविषयीचे नवे, परदेशी वारे म्हणतो, ते मराठी मासिकाच्या प्रश्नोत्तरांत आणि मुंबईच्या न्यायासनासमोर नव्वद वर्षांपूर्वीच वाहून गेलेले आहे, आणि त्याचा उगम आमच्या किनाऱ्यावरच्या एका घरात आहे, हे मला त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या कानी घालावयाचे आहे.

आता चित्रपटांकडे वळण्यापूर्वी मला एक कपबशी दाखवावयाची आहे.

नव्वदच्या दशकातील गोष्ट. वर्ष सांगितल्यास घर ओळखू येईल म्हणून सांगत नाही. माझ्या नित्य पाहण्यातील एक चाकरमानी, १९८२ च्या संपात गिरणी सुटल्यावर मुंबईत मिळेल ते काम करीत राहिलेला, अखेरीस गावी परतला तो गणपतीसाठी नव्हे आणि शिमग्यासाठीही नव्हे. अंगावरचे मांस गेलेले, खोकला थांबत नसे. मी भेटावयास गेलो तेव्हा तो पडवीत बाजेवर बसला होता, आणि त्याच्या डोक्याशी भिंतीतल्या कोनाड्यात एक पांढरी, निळ्या काठाची, कान तुटलेली कपबशी पालथी घातलेली होती. चहा झाला की त्याने ती स्वतः उचलून पुढे धरावयाची आणि आईने किटलीतून वरून ओतावयाचा. किटलीचे तोंड आणि कपाची कड यांत वीतभर अंतर. ती कपबशी धुण्याचे काम बायकोकडे; ती ती आगरात नेऊन राखेने घाशी, आणि धुतलेले पाणी एका ठरावीक माडाच्या आळ्यात ओती. त्या माडाचे नारळ त्या वर्षी घरात शिजले नाहीत आणि बाजारासही गेले नाहीत. आजाराचे नाव कोणी एकदाही घेतले नाही. ‘त्याचं दुखणं’ एवढेच म्हणत. रक्तावाटे, शरीरसंबंधावाटे, आईकडून बाळास, यांवाचून हा विषाणू पसरत नाही, कपाने नाही, पाण्याने नाही, माडाच्या मुळाने तर नाहीच नाही, हे मला त्या वेळी नीटसे ठाऊक नव्हते. आणि मीही, लाज वाटते पण लिहितो, त्या घरचा चहा त्या दिवशी नको म्हटला. सरकारने या रोगाची औषधे मोफत देण्यास आरंभ केला तो १ एप्रिल २००४ रोजी. तोवर पडवीतली बाज रिकामी होऊन वर्षे लोटली होती.

मराठीत, विशेषतः आमच्या कोकणी बोलण्यात, ‘बाजूला’ या शब्दाला जो एक अर्थ आहे तो मला त्या पडवीत प्रथम कळला. बाई चार दिवस ‘बाजूला’ बसते. बहिष्कृत घर ‘बाजूला’ पडते. रोगी ‘बाजूला’ ठेवतात. ज्याचे मन पुरुष असून पुरुषावर जडते, तो आपणहून ‘बाजूला’ होतो, पुष्कळदा लग्न करून, दोन मुलांचा बाप होऊन. या सर्वांना घराबाहेर काढीत नाहीत. घरातच, पण हाताच्या अंतरापलीकडे, बसवितात. प्रस्तुत पुस्तकात ज्या चित्रपटांचा परामर्श घेतला आहे, त्यांचे सर्वांत मोठे कार्य माझ्या मते हे की, त्यांनी आपला कॅमेरा उचलला आणि त्या बाजूच्या जागेत, त्या माणसाच्या शेजारी नेऊन ठेवला. माजघरातून पडवी कशी दिसते हे आपण सर्वांनी पाहिले होते. पडवीतून माजघर कसे दिसते हे या मंडळींनी दाखविले.

हे कार्य धंदेवाईक चित्रपटाच्या हातून होण्याजोगे नव्हते, आणि म्हणून ‘स्वतंत्र’ या विशेषणाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. वितरक काय म्हणेल, थिएटरचा मालक कोणता आठवडा देईल, हा प्रश्न प्रथम न विचारता ज्याला आपला विषय प्रथम सुचतो, आणि मग पैशाची जुळवाजुळव करण्यासाठी जो दारोदार हिंडतो, तो स्वतंत्र चित्रपटकार. या अर्थाने ‘समाजस्वास्थ्य’चा संपादक आणि असा चित्रपटकार हे एकाच कुळातले. दोघांच्याही वाट्यास थोडे वाचक, थोडे प्रेक्षक, पुष्कळ शिव्या आणि क्वचित एखादे असे पत्र येते की ज्यात कोणी अनोळखी मनुष्य लिहितो: हे माझ्याविषयीच आहे.

सुमित्रा भावे यांचे उदाहरण घ्यावे. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक व अध्यापक. झोपडवस्तीतील स्त्रियांच्या जीवनाचे संशोधन करीत असता त्यांच्या ध्यानी आले की, ज्या बायकांच्या तोंडून आपण हे सारे ऐकले, त्या बायकांना आपला अहवाल वाचता येणार नाही. तो त्यांच्यापाशी परत जावयाचा तर चित्ररूपानेच जाईल. या एका नैतिक अडचणीतून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट निघाला, आणि चित्रपटाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या या विदुषीने पुढे सुनील सुकथनकर यांच्या सहकार्याने जो मार्ग आक्रमिला तो १९ एप्रिल २०२१ रोजी त्यांच्या निधनापर्यंत खंडित झाला नाही. ज्याची जबानी घेतली त्याला ती वाचून दाखवावी, हा कचेरीतला जुना दंडक आहे. सुमित्राबाईंनी तो कलेत आणला. देहविक्रयात ढकलल्या गेलेल्या मुलीची कहाणी सांगणारा ‘दोघी’, कोडासंबंधीचा ‘नितळ’, छिन्नमनस्कतेसंबंधीचा ‘देवराई’, आणि एड्सवरचा हिंदी ‘जिंदगी जिंदाबाद’, हे सगळे बाजूस बसविलेल्यांचेच चित्रपट होत. ज्या दिवसांत भिंतीवरच्या जाहिराती भयावर भिस्त ठेवून लोकांना या रोगापासून दूर पळावयास सांगत होत्या, त्या दिवसांत आपल्या चित्रपटाच्या नावातच जीवनाचा जयजयकार करणे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आमच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकास, गोव्यात, याच इतिहासाचे सर्वांत दारुण प्रकरण घडले. भारतात या विषाणूचा पहिला मागोवा १९८६ साली मद्रासेत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखाली लागला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८९ च्या फेब्रुवारीत, डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी घरून नेले. तो नेमाने रक्तदान करीत असे. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत विषाणू आढळला, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा इसमास अलग ठेवण्याचा हुकूम होता. क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळाच्या ओसाड इमारतीत त्यास चौसष्ट दिवस एकट्याने काढावे लागले. त्याची आई ल्युसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला आणि आनंद ग्रोव्हर यांनी वकिली केली. डॉमिनिक सुटला, परंतु कायद्यातील मूळ कलम न्यायालयाने वैध ठरविले. दान दिलेल्या रक्ताचे उत्तर कैदेने मिळालेल्या त्या मुलाने पुढे स्वतःसारख्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ साली त्याचा अंत झाला. ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ हा २००५ सालचा चित्रपट याच हकिगतीवरून सुचलेला आहे. त्यात नायक जलतरणपटू आहे, आणि तो पुरुषावर प्रेम करणारा आहे. पाण्यात ज्याचे सारे आयुष्य गेले त्याच्यासाठी तलावातील इतर सगळे बाहेर पडतात आणि तो एकटा मध्ये उरतो, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला माझ्या त्या माडाच्या आळ्यातील पाण्याची कथा निराळी समजावून सांगावी लागणार नाही. या चित्रपटात मला सर्वांत मोलाची वाटते ती बहीण. आईबाप पाठ फिरवितात तेव्हा निखिलच्या बाजूला उभी राहते ती अनामिका. आणि ‘बाजूला’ या शब्दाचा दुसरा, उबदार अर्थ येथे प्रेक्षकाच्या लक्षात येतो.

सचिन कुंडलकर यांच्या २००९ सालच्या ‘गंध’ या चित्रपटाविषयी या पुस्तकातील टिपण सर्वांत दीर्घ आहे, आणि ते तसे असणे योग्य आहे, कारण त्याच्या तीन कथांपैकी दोन आमच्या विषयाच्या गाभ्याशी भिडतात. ‘औषध घेणारा माणूस’ या कथेतील नायक एचआयव्हीबाधित आहे, आणि त्याच्यापासून दूर गेलेली पत्नी त्याच्या घरी येते. मिलिंद सोमण आणि सोनाली कुलकर्णी यांचा हा एका घरातला, दोघांतला प्रसंग; त्यात इस्पितळ नाही, भाषण नाही. या रोगाने सर्वांत आधी काय मोडते याचे उत्तर तेथे मिळते: स्पर्श. तिसरी कथा कोकणातील, धो धो पावसातील. तिचे नावच ‘बाजूला बसलेली बाई’. घरात एकीकडे बाळंतपण चालले आहे, सगळ्या बायकांची धांदल उडाली आहे, आणि नीना कुलकर्णी यांनी रंगविलेली स्त्री विटाळामुळे एका कोपऱ्यात बसून केवळ ऐकते आहे, वास घेते आहे. जे रक्त घरास नवा जीव देते तेच रक्त महिन्याच्या महिन्यास बाईला दाराबाहेर बसविते, हा विरोध कुंडलकरांनी एकाही पात्राच्या तोंडी न घालता केवळ पाऊस आणि भिंत यांच्या साह्याने उभा केला आहे. दापोलीतील कोणत्याही स्त्रीस हा चित्रपट समजण्यासाठी टिपणाची गरज पडणार नाही. टिपण आम्हां पुरुषांसाठी आहे.

अमोल पालेकर यांच्या दोन चित्रपटांचा समावेश संपादकांनी केला आहे. ‘ध्यासपर्व’, २००१ सालचा, रघुनाथरावांच्याच चरित्रावरचा. किशोर कदम आणि सीमा बिस्वास यांनी रघुनाथ आणि मालती उभे केले. खेळांचा आरंभ त्याने व्हावा असा मी आग्रह धरला व तो मान्य झाला, याचे मला समाधान आहे. दुसरा ‘थांग’, २००६ सालचा, ज्यात एका स्त्रीस आपल्या पतीचे दुसऱ्या पुरुषाशी असलेले नाते कळते. त्याच्या जोडीस १९८२ सालचा जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ आठवून पाहावा. त्या महिलाश्रमातील दोन स्त्रियांची जवळीक उघडकीस येते तेव्हा सहृदय अधीक्षिकेलाही ती उपचाराची बाब वाटते. त्या काळच्या सुधारकाची धाव तेथपर्यंतच होती. चोवीस वर्षांनंतरच्या ‘थांग’मध्ये कोणीही रोगी नाही; आहेत ती फसविलेली आणि फसविण्यास भाग पडलेली माणसे. एका पिढीच्या अवकाशात प्रश्न दवाखान्यातून घरात आला. समलिंगी संबंध हा गुन्हा मानावा की नाही, हे न्यायासनापुढे सुटण्यास मात्र ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला, आणि कर्व्यांच्या दंडानंतरची ही वाटचाल ज्यांना विलंबाची वाटत नाही त्यांनी तीत गेलेली आयुष्ये मोजावीत.

गुणगान पुष्कळ झाले. आता उणीव सांगतो, कारण ती सांगण्यावाचून प्रस्तावनाकाराचे कर्तव्य पुरे होत नाही. या चित्रपटांपैकी बहुतेकांतील माणसे सुशिक्षित, नीटनेटक्या घरांतली, भाषा येणारी आहेत. त्यांना दुःख होते तेव्हा ते शब्दांत मांडता येते. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’सारखा एखादाच चित्रपट त्या वर्तुळाबाहेर पडून, लुगडे नेसविलेल्या जोगत्याच्या आणि देवीस सोडलेल्या मुलीच्या देहात शिरतो. पण चाकरमान्याची बायको कोठे आहे? जिचा नवरा वर्षातून दोनदा आला, मनीऑर्डर करीत राहिला, आणि शेवटी जो आजार घेऊन आला तो तिच्याही रक्तात ठेवून गेला, जिला कोणी काही विचारले नाही आणि जिने कोणाला काही सांगितले नाही, तिची कथा मराठी पडद्यावर मला अद्याप दिसलेली नाही. जिल्ह्यातल्या किती घरांत ती आहे हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. या बाबतीत चित्रपटकारांहून सांगलीच्या वेश्यावस्तीतील स्त्रिया पुढे गेल्या. मीना शेषू यांनी १९९२ साली सुरू केलेल्या ‘संग्राम’च्या कामातून १९९६ साली त्या स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. निरोध वाटणे, एकमेकींना दवाखान्यात नेणे, पोलिसांशी बोलणे हे त्यांनी स्वतः केले. आणि पुढे सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली आपल्याच आयुष्यावरचे नाटक त्यांनी आपल्याच तोंडाने रंगमंचावर सांगितले. जिची जबानी तिनेच द्यावी, ही सुमित्राबाईंच्या मार्गावरची पुढची पायरी होय. आजच्या घडीला खिशातल्या फोनवर चित्रपट काढता येतो. दापोलीच्या महाविद्यालयातील एखादी मुलगी तो काढील, आणि पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत तिच्यावरचे टिपण असेल, अशी आशा मी संपादकांपाशी बोलून दाखविली आहे.

खेळांच्या व्यवस्थेविषयी दोन सूचना मी केल्या आणि संपादकांनी त्या स्वीकारल्या. लावणी आटोपल्यापासून गणपतीपर्यंत शाळेच्या सभागृहात हे खेळ व्हावयाचे आहेत. परंतु ज्यांनी ते पाहणे सर्वांत अगत्याचे, ते चाकरमानी त्या वेळी मुंबईत असतात. म्हणून गौरीगणपतीच्या दिवसांत निदान दोन चित्रपट पुन्हा दाखवावेत, मग आरतीची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालेल. दुसरी सूचना अशी की, खेळानंतर चर्चा ठेवावी पण ध्वनिक्षेपक ठेवू नये. असल्या गोष्टी माणूस मोठ्या आवाजात सांगत नाही.

त्या पडवीच्या घरी मी गेल्या आठवड्यात जाऊन आलो. सासू कधीच गेली. सून आता पन्नाशीच्या पुढची. पतीच्या मागे तिचीही तपासणी झाली, आणि गेली कित्येक वर्षे ती महिन्याच्या महिन्यास एस्टीने जाऊन गोळ्या आणते, रोज रात्री ठरल्या वेळी घेते, शेती करते, नातवंडांस शाळेत पोचविते. कोनाड्यात आता देवाच्या उदबत्त्या आहेत. मी विषय काढला तेव्हा ती चुलीपाशी वळून बसली आणि पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग तिने चहा केला आणि घरातल्या सर्वांचे कप ज्या ताटात असतात त्याच ताटातून मला दिला. मी तो घेतला. ‘वहिनी, पहिला खेळ शनिवारी आहे, आपल्या मुरुडच्या कर्व्यांचा आहे,’ असे निघताना मी सांगितले. ती अंगणापर्यंत आली, आभाळाकडे बघून म्हणाली, ‘पावसानं उघडीप दिलीन तर येईन.’